लग्नसराईतलं फॅनफिक

आमचं दुकान नाशिकला, अशोक स्तंभाजवळ. डीटीपी, लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं. दुकान काकांचं, मी तिथे अकरा वर्षं बसते, आणि त्यातली सहा वर्षं दोन पत्रिकांच्या मधल्या वेळात फॅनफिक लिहून ऑनलाइन टाकते. कॉलेजातली पोरंपोरी प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला येतात, माझ्या स्क्रीनवरचं काहीबाही वाचतात आणि निघताना हळूच विचारतात, "ताई, हे कुठे टाकता? मलाही लिहायचंय." प्रत्येकाला काउंटरवर उभ्याउभ्या तेच तेच सांगते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

फॅनफिक म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन आपण रचलेली गोष्ट. नाशिकच्या माणसाला याहून जास्त समजावायला लागू नये. माझी आजी पंचवटीतली. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे ती सांगायची, पण तिथे थांबायची नाही. नाक धरून रडत निघालेल्या शूर्पणखेला वाटेत भूक लागते आणि एक म्हातारी तिला भाकरी नि ठेचा देते, हा भाग खास आजीचा. "म्हातारी कोण गं?" विचारलं की म्हणायची, "असेल कुणीतरी आपल्यातलीच."

हे खूळ इंटरनेटने आणलं असंही नाही. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ साली सुरू झाली आणि १९६७ मध्ये चाहत्यांनी 'स्पॉकनालिया' हे फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं मासिक, काढलंसुद्धा. त्या काळात अशी मासिकं सर्रास सायक्लोस्टाइल करून वाटली जायची. काकांना हे सांगितलं. स्टार ट्रेकशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण सायक्लोस्टाइलचं नाव काढल्यावर स्टेन्सिल कसा ऐनवेळी फाटायचा आणि शाई कोपरापर्यंत कशी यायची, यावर अर्धा तास गेला. इंटरनेटवर फॅनफिक्शन डॉट नेट १९९८ मध्ये आलं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे सगळे ज्याला एओथ्री म्हणतात ते, नोव्हेंबर २००९ मध्ये खुलं झालं. ते ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नसतात, आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मी तिथेच लिहिते. खातं लगेच मिळत नाही. ईमेल देऊन रांगेत थांबायचं, नंबर लागला की निमंत्रण येतं.

माझी मालिका शेरलॉक होम्सवर आहे. फॅनफिकवाल्यांमध्ये 'कॉफी शॉप एयू' हा एक लाडका प्रकार आहे. एयू म्हणजे पात्रं तीच, जग वेगळं. तलवारी, खून, जादू सगळं बाजूला ठेवून त्यांना एका कॉफीच्या दुकानात आणून बसवायचं. मी त्यांना मिसळीच्या हॉटेलात बसवलं. माझा डॉक्टर वॉटसन देवळालीच्या लष्करी कॅम्पातून निवृत्त झालाय, गंगापूर रोडला मिसळीचं हॉटेल चालवतो, आणि होम्स रोज सकाळी येऊन शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काल काय केलं ते पापड मोडता मोडता सांगतो. होम्सच घेण्यामागे कारणही आहे. आपल्याकडे पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. कॉनन डॉयल गेले १९३० साली, म्हणजे तो प्रश्न कधीच मिटला. चालू मालिकांवर आणि सिनेमांवर हजारो लोक लिहितात, मीही एका जपानी कार्टूनवर लिहिलंय. पण ते फुकट वाटायचं. त्याचे पैसे घ्यायला लागलात की मूळ मालकाशी गाठ पडू शकते, आणि एओथ्रीवर पैशांचे दुवे, देणग्या मागणं चालतच नाही.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, रोज किती शब्द लिहायचे? मीही हाच विचारला होता. १९९९ पासून नॅनोरायमो नावाचा एक उपक्रम चालायचा, नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला सोळाशे सदुसष्ट. ती संस्था २०२५ मध्ये बंद पडली, पण नोव्हेंबरचं वेड लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. मी पहिल्याच वर्षी त्यात उडी घेतली. आणि डीटीपीवालीने नोव्हेंबर निवडणं म्हणजे काय, हे काकांनी मला न हसता सांगितलं: "अगं, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याला जेवायला वेळ नसतो." दिवाळीतच पत्रिकांची गर्दी सुरू होते. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' दिवसातून वीस वेळा टाइप केल्यावर रात्री वॉटसनच्या तोंडीही तेच येतं. अकरा हजारांवर माझं घोडं बसलं. वर स्वतःवर राग, की आपल्यात शिस्तच नाही.

शिस्तीचा संबंध नव्हता, महिना चुकला होता. आषाढी ते कार्तिकी, चातुर्मासात लग्नं नसतात. गणपतीची, नवरात्राची हँडबिलं येतात, पण ती अर्ध्या दिवसाची कामं. पितृपक्षात तर दुकानात माश्या मारायच्या. त्या पंधरा दिवसांत मी जे लिहिते ते उरलेल्या वर्षात लिहून होत नाही. तेव्हापासून माझं गणित साधं आहे: चातुर्मासात लिहायचं, लग्नसराईत टाकायचं. आई उन्हाळ्यात कुरडया घालते आणि आम्ही त्या पावसात तळतो, तसंच. तुमचा मोकळा महिना माझ्यासारखा पावसाळ्यातलाच असेल असं नाही. सीएची परीक्षा देणाऱ्याचा वेगळा, द्राक्षबाग असलेल्याचा वेगळा. छाटणी-तोडणीच्या दिवसांत दिंडोरीच्या पोराने रोज हजार शब्दांचा नेम धरला तर तो फक्त निराश होईल.

साठवण न करता टाकायला लागलं की काय होतं, तेही अनुभवलंय. पहिली मालिका मी लिहीन तशी टाकत गेले. रात्री भाग संपला की रात्रीच पोस्ट. चौथ्या भागात होम्सला सोमेश्वरच्या धबधब्याजवळ एक चप्पल सापडते. ती कुणाची, हे मलाच माहीत नव्हतं. पुढे सुचेल म्हणून टाकून दिलं, आणि पत्रिका सुरू झाल्या. सात महिने ती चप्पल तिथेच पडून होती. शेवटी ती वॉटसनचीच निघाली, कारण दुसरा मार्गच उरला नव्हता. आता निदान सहा भाग हातात असल्याशिवाय पहिला टाकत नाही. मग दर दुसऱ्या शुक्रवारी एक, ठरल्या वेळी. हातातले भाग दोनवर आले की टाकणं थांबवते आणि शेवटच्या भागाखाली चक्क तारीख लिहिते, अमुक महिन्यात परत येईन.

रोजचं थोडं लिहिणं मात्र सुटत नाही. मी जेल रोडला राहते, सिटीलिंकच्या बसने येते. फोनवर, बसमध्ये, दोनशे शब्द. द्वारका चौकात अडकलो तर तीनशे. बोलून टाइप करायचा प्रयत्न केला होता, पण होम्सचे संवाद बसमध्ये मोठ्याने म्हणताना शेजारच्या काकू सरकून बसल्या.

एक खड्डा असा आहे की त्यात पडलं तरी काम केल्यासारखं वाटतं: माहिती शोधणं. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून आला. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून असायचे. हे कळल्यावर मी तीन संध्याकाळी देवळालीवर वाचत बसले. लिहिले शून्य शब्द. गोष्टीत त्याचं एक वाक्य आलं, तेही नंतर कापलं.

टाकण्याच्या बाबतीत आधी फॉन्ट. हे हसण्यावारी नेऊ नका. माझा पहिला भाग मी दुकानातल्या सवयीने पत्रिकेच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला, उचलून चिकटवला आणि न बघता झोपले. तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर मराठीच दिसेल असा, नव्हता. रात्रभर माझी गोष्ट इंग्रजी अक्षरं आणि टोप्या-टिंबांचा भाजीपाला होऊन तिथे पडली होती. सकाळी एका वाचकाने फार नम्रपणे विचारलं होतं, ही कुठली भाषा? युनिकोडमध्येच लिहा, आणि टाकण्याआधी प्रिव्ह्यू बघा. एओथ्रीवर ठेवलेला मसुदा महिन्याभराने आपोआप पुसला जातो, म्हणून लिहायचं दुसरीकडे, तिथे फक्त आणून चिकटवायचं.

भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. टॅग मराठीसोबत इंग्रजीतही द्या, लोक शोधतात ते इंग्रजीत. तिथे स्वयंसेवक एकाच अर्थाचे वेगवेगळे टॅग जोडत बसलेले असतात, तेव्हा स्पेलिंगची फार काळजी नको. हिंसा किंवा मुख्य पात्राचा मृत्यू असेल तर इशारा द्यायचा. द्यायचा नसेल तर 'इशारा देत नाही' असं सांगण्याचीही सोय आहे. गुपित फुटेल म्हणून काहीच न सांगणं बरं नाही. सारांश दोन ओळींचा. "माझा पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या" असं त्यात लिहू नका; मिसळवाला ताट ठेवताना असं म्हणाला तर तुम्ही खाल का?

आकड्यांचं काय सांगू. मराठीत तिथे वाचणारे थोडे. पहिल्या आठवड्यात माझे हिट, म्हणजे गोष्ट किती वेळा उघडली तो आकडा, चौदा होते, आणि त्यातले निम्मे दुकानाच्या संगणकावरून, लॉगिन न करता, मीच. अजूनही शुक्रवारी रात्री तासाला तीनदा बघते. त्यावर माझ्याकडे औषध नाही. फक्त शनिवारी सकाळी फोन घरी चार्जिंगला ठेवून दुकानात येते.

राहिलं तपासणं. बीटा रीडर, म्हणजे टाकण्याआधी वाचून चुका काढणारं माणूस, मिळालं तर सोडू नका. मला मिळायला वेळ लागला, तोवर पत्रिकेचीच रीत वापरली. पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकलं तर पाचशे कार्डं आपल्या खिशातून जातात. म्हणून काकांनी शिकवलेलं: स्क्रीनवर वाचलेलं प्रूफ हे प्रूफच नव्हे. कागदावर काढायचं, ओळीखाली पट्टी धरायची, आणि शेवटच्या ओळीपासून वर यायचं, म्हणजे डोळा अर्थाच्या मागे पळत नाही. मी प्रत्येक भाग पाठकोऱ्या कागदांवर काढते. एका बाजूला रद्द झालेली पत्रिका, दुसऱ्या बाजूला होम्स.

गेल्या पितृपक्षात आठवा भाग काढून टेबलावर ठेवला आणि बँकेत गेले. परत आले तर काका पट्टी लावून वाचत बसलेले, सवयीने, खालून वर. लाल पेनाने एकच गोल केला होता. वॉटसन गिऱ्हाइकाला विचारतो, "अजून कट देऊ?" त्यातल्या 'कट'भोवती. समासात लिहिलं होतं: 'कट कोल्हापूरला. इथे रस्सा.'