प्रागला दोन दिवस जाताय? आधी शनिवार बघा

ड्रेस्डेनहून प्रागला निघालेल्या या वर्षीच्या मुलामुलींसाठी लिहितेय. गेल्या वर्षी आमच्या अकरा जणांच्या सहलीची आखणी माझ्याकडे होती आणि ती माझ्याच हातून बिघडली, म्हणून पहिल्यांदा तेच सांगते. योसेफोव, म्हणजे प्रागची जुनी ज्यू वस्ती, शनिवारी बंद असते. रस्त्यांवरून फिरता येतं, पण संग्रहालयाची सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनं कबरस्तान यांना कुलूप. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. ज्यूंच्या सणांनाही बंद, आणि आपलं हिवाळी सत्र सुरू होतं त्याच सुमाराला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यांचे मोठे सण येतात. तेव्हा गाडीचं तिकीट काढण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सुट्ट्या बघा. तिकीट काढल्यावर बघून काही उपयोग नाही.

मी अलिबागची. आमच्या भागात बेने इस्रायली लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, जुनी माणसं ‘शनवार तेली’ म्हणायची, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आणि तरीही मी शनिवारची सकाळ योसेफोवला दिली. आमच्यातली एक जण केवळ पिंकास सिनेगॉगसाठी आली होती. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या) जवळपास ८०,००० ज्यूंची नावं तिथल्या भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत, आणि वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीत कोंडलेल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. बंद दारापाशी ती बराच वेळ उभी राहिली. रविवारी सकाळी लवकरची परतीची गाडी मीच काढली होती, त्यामुळे दुसरी संधीही उरली नाही. ते मला अजून लागतं.

आता नीट क्रम. शनिवारी टेकडीवरचा किल्ला, रविवारी योसेफोव. उलटं करू नका, कारण किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी राखलेलं असतं, पर्यटकांना दुपारी बारानंतरच आत सोडतात. १३४४ साली सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ साली पुरं झालं. घाईत उरकायची जागा नाही ती. किल्ल्याच्या दारावर सामानाची तपासणी होऊ शकते, मोठ्या पिशव्या आणू नका. योसेफोवला निदान तीन तास द्या. कबरस्तानात सुमारे १२,००० दगड एकमेकांना टेकून उभे आहेत. जागा वाढवून मिळत नव्हती म्हणून कबरींवर माती टाकून वर पुन्हा कबरी केल्या. सर्वांत जुना दगड १४३९ चा. मुलग्यांनी डोकं झाकायला टोपी न्यावी. लेखक काफ्काची कबर इथे नाही, ती मेट्रोने झेलिव्हस्केहो स्टेशनाला उतरून नव्या ज्यू कबरस्तानात. तेही शनिवारी बंद. पुन्हा सांगते, शनिवारी बंद.

कागदपत्रं: पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ. फोनमधला फोटो चालत नाही. सीमेवर गाडीत पोलीस चढतात आणि एकाकडे कागद नसेल तर सगळा गट खोळंबतो. विद्यार्थी ओळखपत्र घ्या, किल्ल्यावर आणि संग्रहालयात सवलत मिळते.

पैसे: तिथे युरो नाही, कोरुना. युरो घेणारी दुकानं भाव मनाला येईल तसा लावतात. एटीएमने ‘युरोत हिशेब करू का’ विचारलं की नाही म्हणा. रस्त्यात नोटा बदलून देतो म्हणणाऱ्याशी बोलूसुद्धा नका.

ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदा ठोकायचं, म्हणजे त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खिशात आहे पण ठोकलेलं नाही, तर दंड होतोच. परदेशी आहोत, माहीत नव्हतं, हे तिकीट तपासनीस ऐकत नाहीत.

बूट चालून चालून मऊ झालेले हवेत, कारण जुन्या गावात सगळीकडे दगडी फरसबंदी. छत्री, चार्जर, औषधं हे काय सांगायचं. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, बहुतेक खानावळींत मिळतं. सूप भाज्यांचं दिसलं तरी रस्सा मांसाचा आहे का ते विचारा.

जाताना गाडीत डावीकडे बसा, एल्बे नदी त्या बाजूला असते. चार्ल्स पुलावर पहाटे जा, दहानंतर पुतळेही धड दिसत नाहीत. १४१० सालचं खगोलीय घड्याळ तासाच्या ठोक्याला बघायचं, एकदा बघितलं तरी पुरे, आणि त्या गर्दीत पिशवी पोटाशी.

रविवारी खोली सोडल्यावर सामान हॉस्टेलात ठेवून योसेफोवला जा. परतीची गाडी संध्याकाळची, सकाळची नको. डबे, पाणी, बाकीचं तुम्ही बघालच. तारखा ठरल्या की तिकिटं काढण्याआधी मला कळवा, शनिवार आणि सण मी स्वतः पुन्हा तपासून देते.