दस्तुरीवर बिथरलेलं गिऱ्हाईक: माथेरानच्या दुकानदारांनी काय करावं

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्याला सोडावी लागते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून गावात जाणारी छोटी रेल्वे, म्हणजे शटल, 'बंद आहे' असं खोटं सांगून कुणी घोड्यावर बसवलं, की पाहुण्याचा राग निघतो तो चिक्की-चपलांच्या दुकानांवर. तो खिशातला हात बाहेरच काढत नाही. या फसवणुकीविरुद्ध गावाने १८ मार्च २०२५ पासून बंद पुकारला होता. बरेच घोडेवाले सरळ वागतात, हेही खरं.

आधी हाका मारणं थांबवा. नाक्यावर दहा जणांनी घेरलेल्या माणसाला अकरावी 'या ना शेठ' नको असते. गल्ल्यामागेच बसा, त्याने वस्तू हातात घेतली की मग बोला.

चपलांवर छापील किंमत नसते, म्हणून खरा घोळ तिथे होतो. आठशे सांगून साडेतीनशेला दिलीत, तरी गिऱ्हाईक म्हणतं, 'तीनशेला मिळाली असती.' तळव्याला किमतीची चिठ्ठी लावा आणि घासाघीस पन्नासाच्या आत ठेवा. दोन्ही पायांत घालून दहा पावलं चालायला लावा. बिनवापरलेली चप्पल बदलून मिळेल हे बिलावर लिहा.

सुटी चिक्की तोलताना काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवा. रिकामा डबा ठेवून शून्य करा, मग माल घाला. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी लागते, तो शिक्का दिसू द्या. पाकिटावर निव्वळ वजन, तारीख आणि एमआरपी हवीच.

कमिशन मात्र सगळ्यावर पाणी फिरवतं. गिऱ्हाईक आणणाऱ्याला शंभर द्यायचे म्हणून चारशेच्या चपलेचे पाचशे सांगितले, की चिठ्ठीवरचा आकडा आणि तोंडचा आकडा जुळत नाही. द्यायचंच असेल तर स्वतःच्या नफ्यातून द्या. कमिशनवाल्यासोबत आलेल्याला आणि एकट्याने आलेल्याला भाव एकच.

दाराशी एक फळा लावा: अमन लॉज शटलच्या आजच्या वेळा आणि नाक्यापर्यंत पायी लागणारा वेळ. वेळा खडूनेच लिहा आणि रोज सकाळी स्टेशनवरून पडताळा. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, शटल मात्र चालते. पाहुणे नेमके इथेच फसतात. कालच्या वेळा तशाच राहिल्या आणि कुणाची गाडी चुकली, तर नाक्यावरच्या थापाड्यांत तुमचीही गणती होईल.