सह्याद्रीतला टेंट लडाखला नेताय? मग या चुका टाळा

आपण ठाणेकर कॅम्पिंग शिकतो ते माहुली, भंडारदरा, रतनगडला, त्यामुळे टेंट घेताना पहिला प्रश्न हाच असतो की पाणी आत येईल का. लेहला मात्र अख्ख्या वर्षात १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत एवढा कधीकधी एका दिवसात होतो. तिथे त्रास देतात ते वारा, थंडी, कोरडी हवा आणि उंची. लडाखमधल्या मारखा व्हॅलीच्या ट्रेकला स्वतःचे टेंट घेऊन गेलो तेव्हा आमच्या बहुतेक चुका सह्याद्रीच्या सवयीतूनच झाल्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. सकाळी मुंबईहून विमानात बसायचं, लेहला उतरायचं म्हणजे थेट ३,५०० मीटर, आणि सुट्टी कमी म्हणून दुसऱ्याच दिवशी चालायला लागायचं. असं करू नका हो. लेहमध्ये किमान दोन दिवस नुसता आराम करा, पुढेही झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. मारखाच्या वाटेवरचं हांकर गाव ४,००० मीटरच्या आसपास आणि पुढचा मुक्काम नीमालिंग ४,७०० च्या, त्यामुळे मध्ये थाचुंगत्सेला एक मुक्काम कराच. डोकं दुखतंय, उलटी होतेय, चालताना तोल जातोय असं झालं तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळी बघू म्हणायचं नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता पेग, म्हणजे टेंटच्या दोऱ्या बांधायच्या खुंट्या. आपल्या लाल मातीत पेग पायाने दाबला की गेला आत. तिथे वर बोटभर रेती आणि खाली दगड, पेग एकतर वाकतो नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात सुटून येतो. आमचा एक टेंट असाच दुपारी उडाला, आत सॅक होती म्हणून वीसेक फुटांवर अडकला. नंतर जमलं ते असं, दोरीच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधायचा, तो जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोन हातांनी जेमतेम उचलेल असा धोंडा दोरीवर ठेवायचा. दोरी ताणली की छोटा दगड मोठ्याला अडकतो आणि जागचा हलत नाही. धारदार दगड नको, रात्रभर घासून दोरी तुटते. याची प्रॅक्टिस सोसायटीच्या गच्चीवर मस्त होते कारण तिथेही पेग जात नाही, आम्ही पुढच्या वेळी कळव्याला गच्चीवर विटा आणि कुंड्या घेऊन केली. वारा बहुतेक दुपारनंतर वाढतो म्हणून टेंट त्याआधी लावा, निमुळती बाजू वाऱ्याकडे आणि दार उलट्या बाजूला.

जागा निवडताना कोरड्या नाल्यातली सपाट रेती फार मोह पाडते, तिथे अजिबात नको. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी गुडघ्याला लागतो. आणि पाऊस कमी म्हणजे पूर येत नाही असं नाही, २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून जास्त माणसं गेली.

रात्री बाटलीतलं पाणी गोठतं का, तर ऑगस्टमध्येही गोठू शकतं. बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो म्हणून तोंड मोकळं राहतं. पाण्याचा फिल्टर, पॉवरबँक आणि गॅसचा डबा स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. कडक थंडीत साध्या ब्युटेनचा वायू नीट होत नाही, म्हणजे डबा भरलेला असूनही स्टोव्ह नीट पेटत नाही. प्रोपेन मिसळलेला डबा लेहलाच घ्या, विमानात तो चालत नाही. लायटरही दगा देतो, काडेपेटी ठेवा. भात कच्चा राहतोय म्हणून गॅस वाढवून काही उपयोग नाही, तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, छोटा कुकर न्या नाहीतर पोहे-उपमा बरा. थंडी वाजते म्हणून टेंट बंद करून आत स्टोव्ह मात्र कधीच लावू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

सकाळी टेंट आतून ओला दिसला तर तो गळत नाहीये, आपल्याच श्वासाची वाफ गोठून वितळतेय, वरची जाळी रात्रीही थोडी उघडी ठेवा. चेन अडकली तर ओढू नका, जुन्या टूथब्रशने धूळ काढा.

लाकडं पेटवायची हौस इथेच ठेवून जा. जी खुरटी झुडपं दिसतात ती वाढायला वर्षं लागतात आणि गावातल्यांच्या जनावरांना तोच चारा. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा करून. टिश्यू मात्र पुरू नका, एवढ्या कोरड्या थंडीत ते कुजत नाहीत, नीमालिंगला दगड उचलला की खाली कुणाचे तरी जुने निघायचे. झिपलॉकच्या दोन पिशव्या त्यासाठीच वेगळ्या ठेवा आणि लेहपर्यंत परत आणा.