मॉर्फिन घड्याळ बघून द्या, दुखायची वाट बघून नाही

कर्करोगासारख्या आजाराच्या वेदनेवर डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की अनेक घरांत पहिल्याच दिवशी चूक होते. गोळ्या देवघराशेजारच्या कपाटात जातात आणि ठरतं, ‘फारच असह्य झालं तर देऊ.’ मग रुग्ण दात-ओठ खात बसतो आणि घरचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. मॉर्फिन हे शेवटच्या घटकेचं औषध नव्हे. वेदना मोठी असेल तेव्हा ते सुरू होतं. नीट दिलं तर माणूस झोपतो, जेवतो, ओसरीवर येऊन बसतो.

साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात जाणवू लागतो आणि चार तासांत उतरतो. म्हणून पुढची गोळी दुखणं परतायच्या आत पोटात हवी. वेळा अशा ठेवा: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रात्री दहाला दुप्पट डोस देतात, म्हणजे मध्यरात्री दोनला रुग्णाला उठवावं लागत नाही. सुरुवात बहुधा दर वेळी 5 मिलिग्रॅमने होते. वय जास्त असेल किंवा शरीर खंगलेलं असेल तर 2.5 ने. सकाळी दहा वाजताची गोळी पेजेच्या वेळेला जोडली की चुकत नाही. मॉर्फिन रिकाम्या पोटीही चालतं. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी मात्र खाल्ल्यावरच द्यायची, आणि मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर द्यायचीच नाही.

दोन वेळांच्या मध्ये कळ उसळली तर जादा डोस असतो. तो नेहमीच्या एका डोसइतकाच असतो आणि डॉक्टरांनी तो कागदावर लिहून दिलेला हवा. जादा डोस बाराला दिला म्हणून दोनचा पुढे ढकलायचा नाही, तो दोनलाच जातो. प्रत्येक डोस वहीत मांडा: वेळ, किती दिलं, आधी किती दुखत होतं, तासाभराने किती. आकडा विचारताना ‘शून्य ते दहा’ म्हाताऱ्या माणसांना उमगत नाही. ‘रुपयातले किती पैसे दुखतंय?’ म्हटलं की उत्तर लगेच येतं.

ही वहीच डोस ठरवते. समजा 10 मिलिग्रॅमचे चार आणि रात्री 20, म्हणजे दिवसाचे 60 झाले. वर 10 चे तीन जादा डोस लागले, म्हणजे 90. डॉक्टर 90 ला सहाने भागतात आणि नवा डोस 15 होतो, रात्रीचा 30. रोज तीन-तीन जादा डोस लागत असतील तर फोन करायचा, घरच्या घरी वाढवायचं नाही. हळूहळू विरघळून बारा तास पुरणारी गोळी वेगळी असते. ती कुटायचीही नाही आणि चावायचीही नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

सगळं दुखणं मॉर्फिनने जात नाही. म्हणून रुग्णाचा नेमका शब्द वहीत लिहा, डॉक्टरांना तोच हवा असतो. ‘आग होते, चमका मारतात, मुंग्या येतात’ म्हटलं तर दुखणं नसेचं. तिथे रात्री अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिन लागतं आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. ‘पोटात मुरडा येतो, जातो, परत येतो’ म्हटलं तर ते आतड्याचं, त्याचं औषध निराळं. हाडातला ठणका एका जागी असेल तर रेडिएशनच्या एकाच बैठकीनेही पुष्कळ उतरू शकतो, तेव्हा त्याबद्दल जरूर विचारा. पाठीच्या ठणक्याबरोबर पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जुन्या चिठ्ठीतली ट्रॅमाडॉल (मॉर्फिनच्याच जातीची वेदनाशामक गोळी) मॉर्फिनसोबत चालू ठेवू नका. पॅरासिटामॉल चालतं, पण सर्दीच्या गोळीतही तेच असतं, तेव्हा बेरीज करा. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही, अशक्त माणसाला त्याहून कमी.

मळमळ आणि गुंगी पहिल्या काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही. मॉर्फिन चालू असेतो ते राहतं, म्हणून रेचक त्याच दिवशी सुरू होतं, बहुधा रात्री बिसाकोडिल. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात त्याचा गोळा होतो. एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा: तीन-चार दिवस शौच नाही आणि मग पातळ पाझरू लागलं तर ते जुलाब नसूही शकतात. घट्ट मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी सुटतं. घरचे जुलाब समजून रेचक बंद करतात आणि अडकलेलं आणखी अडकतं. अशा वेळी नर्सकडून तपासून घ्या.

धोक्याच्या खुणा घरात सगळ्यांना ठाऊक हव्यात: हाक मारून, हलवूनही जाग न येणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, हातापायांना झटके, भास. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. आठाहून कमी असतील तर पुढचा डोस देऊ नका, डॉक्टरांना किंवा 108 ला फोन करा. उलट्या-जुलाबांनी किंवा मे महिन्याच्या उकाड्यात लघवी कमी झाली की मॉर्फिन अंगात साचतं, हे दिसलं तरी लगेच कळवा. ‘झोप लागावी’ म्हणून घोटभर फेणी देणाऱ्याला आवरा. मॉर्फिन आणि दारू मिळून श्वास मंदावतो.

गिळता येत नसेल तर फेंटॅनिल या वेदनाशामकाचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, देतात. तो 72 तास चालतो, पण पहिल्यांदा लावल्यावर परिणामाला बारा तासांहून अधिक लागू शकतात. तोवर आधीचं औषध कसं द्यायचं ते विचारून घ्या. आपल्याकडच्या घामाने तो सुटतो, म्हणून साबण-तेल न लावता, नुसत्या पाण्याने पुसून पूर्ण कोरड्या केलेल्या छातीवर किंवा दंडावर अर्धा मिनिट दाबून बसवा. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर आत शिरतं, तापातही तेच होतं. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडूनच टाका, त्यात उरलेलं औषध लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

मॉर्फिन कुठल्याही फार्मसीत मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन परवान्याची पद्धत सोपी झाली, तरी ते मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळतं. उपचार बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) चालू असोत की जिल्हा इस्पितळात, पुढच्या गोळ्या कुठून आणि कधी घ्यायच्या हे पहिल्याच भेटीत विचारा. आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच चिठ्ठी घ्या, विशेषतः गणेशचवथीच्या आधी. एकदम बंद पडलं तर वेदना उसळतेच, शिवाय घाम, जुलाब, अस्वस्थपणाही येतो. ते व्यसन नव्हे, शरीराला पडलेली सवय असते. वेदना कमी झाली तर डॉक्टर तीही हळूहळू सोडवतात.

गोळ्या कुलपात ठेवा, पावसाळ्यात पट्टीतून आधीच सोडून ठेवू नका. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या मोजून, वहीसकट, जिथून आणल्या तिथेच परत द्या.