प्रवासात युकुलेलेची 'ला'ची तार उतरत होती, अखेर थांबली

दादर ते रत्नागिरी गाडीत बसून चाली बांधायची माझी सवय. सोप्रानो युकुलेले (गिटारसारखं, चार तारांचं लहान मापाचं वाद्य) मांडीवर मावतो. पण महिनाभर एकच रडगाणं: पहिली तार (ए म्हणजेच 'ला' हा सूर, ४४० हर्ट्झ) दहा मिनिटांत उतरायची. सुचलेली चाल मोबाइलवर रेकॉर्ड करावी, तर पुढची ओळ बेसूर. वैताग आला होता.

नवी तार घातली, फरक नाही. निघताना तारा सैल करून नेल्या, तर उलट वाढलं. नायलॉनला पुन्हा ताणून बसायला वेळ लागतोच.

दोष खुंटीत निघाला. माझ्या खुंट्या दातेरी नाहीत, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या. आधी तार पूर्ण सैल करून काढली. खुंटीच्या टोकाचा बारीक स्क्रू पाव फेरा आवळला. खुंटी जड फिरावी, पण फिरावी. जास्त आवळली तर सूर नेमका साधत नाही. मग सुमारे पाच सेंटिमीटर ढील ठेवून तार भोकातून ओवली आणि तीन वेढे दिले, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. सूर खालून वर चढवत आणला. वर गेला तर खाली उतरवून पुन्हा चढवायचा. शेवटी बाराव्या पडद्यापाशी तार बोटाने हलकेच उचलून ताणली. ती उतरली, पुन्हा लावली. सहाव्या वेळी उतरली नाही.

आता तारा सैल न करताच नेतो. परवा पनवेलला लावलेली तार चिपळूणपर्यंत टिकली, चालीचा अंतराही झाला.