मुलाची ‘सर्दी’ हटतच नाही? या चुका टाळा

आमचा लेक नाक पुसत नाही, वर ढकलतो. तळहात नाकाखाली टेकवायचा आणि सर्रकन कपाळाकडे न्यायचा. या सवयीपायी त्याने दोन वर्षं बोलणी खाल्ली, शर्टाला रुमालही टाचून घेतला. मग एकदा बालरोगतज्ज्ञांनी त्याची हनुवटी उचलून नाकाच्या शेंड्याच्या जरा वर उमटलेली आडवी रेघ मला दाखवली. आतून खाज सुटते म्हणून मूल नाक असं घासतं आणि घासून घासून रेघ पडते. डॉक्टर मंडळी याला ‘ॲलर्जिक सॅल्यूट’ म्हणतात. पोरगं सलाम ठोकत होतं आणि आम्ही शिस्त लावत होतो!

नाकाच्या ॲलर्जीच्या या दुखण्याला इंग्रजीत ‘हे फीवर’ (hay fever) म्हणतात, पण त्यात ताप नसतो. आपल्याकडे ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणून मोकळे होतात. मुलाचं वय साडेपाच, घर नाशिकात इंदिरानगरला. आमच्याकडून काय काय चुकलं ते सांगते.

सर्दी समजून उपचार करणं

बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. साधी सर्दी सात-दहा दिवसांत उतरते, शेंबूड घट्ट होतो, कधी ताप येतो, घरातल्या आणखी कुणाला तरी लागते. ॲलर्जीत नाक पाण्यासारखं गळतं, सकाळी उठल्या उठल्या ओळीने शिंका येतात, डोळे आणि टाळू खाजते, डोळ्यांखाली काळं दिसतं आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. आम्ही एका मोसमात तीनदा अँटिबायोटिक दिलं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, ॲलर्जीवर त्याचा काही उपयोग नाही.

एक मात्र वेगळं ओळखा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत शेंगदाणा किंवा मणी अडकलेला असू शकतो. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दह्या-केळ्यावर खापर फोडणं

नाकाची ही ॲलर्जी श्वासातून आत जाणाऱ्या गोष्टींची असते. आमच्याकडे दही बंद झालं, केळं बंद झालं, शेवटी द्राक्षंही बंद झाली. नाशिकात राहून पोराला द्राक्षं नाहीत! शिंका होत्या तेवढ्याच राहिल्या. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तोंड खाजलं किंवा अंगावर गांधी उठल्या तर तो विषय निराळा, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

फक्त बाहेर बघणं

पाऊस ओसरला की रिकाम्या प्लॉटवर, कॅनॉलच्या कडेने गाजर गवत पांढरं फुलतं. त्याचे परागकण त्रास देतात हे खरंच आहे. त्या दिवसांत मुलाला गवतात खेळू देऊ नका आणि मैदानावरून आलं की हातपाय, चेहरा धुऊन कपडे बदला. सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांच्या धुळीनेही आधीच चिडलेलं नाक आणखी चिडतं.

पण आमच्याकडे त्रास शिगेला पोचायचा तो नोव्हेंबरात, थंडी पडल्यावर. सगळे म्हणायचे, गारठा बाधला. खरा गुन्हेगार माळ्यावरून खाली यायचा. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी! पावसाळ्याच्या दमटपणात धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, भरपूर वाढतात. आपल्या कातडीचा कोंडा हे त्यांचं खाणं, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. लेक त्या गोधडीत नाक खुपसून रात्रभर झोपायचा.

आम्ही गोधडी दोन दिवस उन्हात टाकली आणि काम झालं असं समजलो. उन्हाने दमटपणा जातो, पण विष्ठा आतच राहते. अंथरूण-पांघरूण आठवड्यातून एकदा साधारण ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवावं लागतं. सासूबाईंचं म्हणणं, “अगं, गोधडी अशी धूत बसलीस तर टाके उसवतील.” तेही बरोबरच होतं. शेवटी गोधडी त्यांच्याकडे गेली, लेकाला धुता येणारं पातळ ब्लँकेट आलं, गादी-उशीला चेनवाली खोळ आली. त्याचा कापडी हत्ती पिशवीत घालून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवला आणि मग धुतला. थंडीने माइट मरतात, धुतल्यावर बाकीचं निघून जातं. हत्ती बर्फात का झोपला, याची उत्तरं देताना मात्र माझी दमछाक झाली.

दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा मुलाला आजोळी पाठवा, आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

औषधांचा गोंधळ

नाक चोंदलं की लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब आणि मिठाच्या पाण्याचे सलाइन थेंब यांच्या बाटल्या जवळजवळ सारख्याच दिसतात. आमच्या घरी दोन्ही एकाच डब्यात होत्या. सलाइन रोज चालतं. पहिले थेंब लहानांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचेच नाहीत, आणि सांगितले तरी मोजकेच दिवस. लांबवले तर त्यांच्यामुळेच नाक उलट जास्त चोंदतं.

फ्रिजच्या दारातलं जुनं सर्दीचं सिरप काढून लेबल वाचा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना छापायला औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं. ‘मूल शांत झोपतं’ हा त्या सिरपचा गुण नव्हे, ती गुंगी असते.

ॲलर्जीसाठी दिलेली माँटेलुकास्टची गोळी चालू असेल आणि मूल रात्री किंचाळून उठत असेल, भलतंच चिडचिडं झालं असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवा. या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये ठळक इशारा दिला आहे.

आता नाकातला स्प्रे. स्टेरॉइड शब्द ऐकून मी हादरले, आणि तिसऱ्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून बंदही करून टाकला. दोन्ही माझंच चुकलं. या स्प्रेची मात्रा कमी असते आणि रक्तात फारच थोडं जातं. तरी डॉक्टर उंचीची नोंद ठेवतात, ती ठेवू द्या. पूर्ण गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडे लागतात, म्हणून शिंका आल्या की मारायचा असा तो नसतो. दात घासण्यासारखा रोजचा. त्रास दरवर्षी सप्टेंबरात सुरू होत असेल तर गणपतीची वाट न बघता ऑगस्टमध्येच डॉक्टरांना भेटा. मुलाच्या वयाला कोणता चालेल ते तेच ठरवतील.

मारण्याची पद्धत आम्हाला कुणी दाखवली नव्हती. डोळ्यांत थेंब टाकावेत तशी मान मागे करून मारायचो. औषध घशात उतरायचं, पोरगं तोंड वाकडं करून पळायचं. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, आणि नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येतं. नंतर हळू श्वास घ्यायचा, जोरात ओढायचं नाही.

धूर आणि वाफ

कॉइल, धूप, उदबत्ती मुलाच्या खोलीत नको. उकळत्या पातेल्यावर वाफ तर अजिबात नको, मुलं त्यानं भाजतात.

छातीकडे दुर्लक्ष

नाकाच्या ॲलर्जीसोबत अनेक मुलांना दमाही असतो. रात्री किंवा पळाल्यावर खोकल्याची ढास लागत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. आणि श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, धाप लागून बोलता येत नसेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मुलाला उचला आणि दवाखाना गाठा.