चालायला जाताय? गावाकडच्या या चुका टाळा

"मी तं दिवसभर वावरातच असतो, मले कायले पायजे ते वाकिंग?" वर्धा, यवतमाळ, अमरावती, कुठल्याही गावच्या पारावर हे ऐकायला मिळतं. एका पिढीपूर्वी ते खरंही होतं. आता गाडी थेट धुऱ्यापर्यंत जाते, वखरणी ट्रॅक्टर करतो, मोटर मोबाइलवरून सुरू होते आणि दळण आणायलासुद्धा किक मारली जाते. मग चाळिशीत कधीतरी आरोग्य केंद्रात बीपी वाढलेला निघतो, डॉक्टर सांगतात, "रोज चालत जा," आणि इथून घोळ सुरू होतो. कारण चालायचं म्हणजे शहरातल्यासारखं बूट घालून, कानात इअरफोन कोंबून पहाटे डांबरी रस्त्यावर निघायचं, असं आपण धरून बसतो. आपलं ऊन वेगळं, माती वेगळी, रस्ते वेगळे. चुकाही त्यामुळे वेगळ्याच होतात.

वावरातलं काम म्हणजे चालणं, असं समजणं

डवऱ्यामागे किंवा तिफणीमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते, आणि त्यात कामातली हालचालही धरते. पण निंदण उकिडवं बसून होतं, कापूस वेचणी कंबर वाकवून होते. अंग मोडून निघतं, थकवा येतो, तरी पाय लांब टाकून, पाठ ताठ ठेवून, छातीचा भाता चालेल असं चालणं त्यात होत नाही. शिवाय कापूस घरात आला, तूर निघाली की ओलीत नसलेल्याचे पुढचे काही महिने बैठकीत जातात. पेरणीतल्या चालण्यावर उन्हाळा काढता येत नाही.

वेग किती हवा? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की समजा बरोबर चाललंय. ढोरांमागे रेंगाळत जाणं म्हणजे बसण्यापेक्षा बरं, एवढंच.

चालण्यासाठी वेगळा मुहूर्त शोधणं

ही सगळ्यांत मोठी चूक, असं माझं मत. एक तारखेपासून नक्की, दसऱ्यापासून नक्की, असं ठरवून सुरू केलेलं फिरणं पहिल्या लग्नसराईत नाहीतर पहिल्या पावसात बंद पडतं. कामाला जोडलेलं चालणं मात्र टिकतं.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतर करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ते कंडक्टर काही व्यायाम करत नव्हते, नोकरी करत होते. आपल्या वर्ध्याकडचंच बघा. गांधीजी १९३६ साली वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले ते पायीच. तिथे रोजचं फिरणं चालू असायचं आणि भेटायला आलेल्यांशी बोलणंही त्या फिरण्यातच उरकायचं.

तेव्हा यादी करा. दूध डेअरी, पिठाची चक्की, ग्रामपंचायत, राशनचं दुकान, फाट्यावरचा एसटी थांबा, जवळचं वावर. यातली कोणती दोन कामं पायी होतील? वावर लांब असेल तर जाताना पायी जा, येताना कुणाच्या गाडीवर या.

आता यातली खरी अडचण पायांची नाहीच, लोकांची आहे. गावात कुणी पायी दिसला की दर दोन मिनिटांनी एक गाडी थांबते. "काहून पायी चालले भाऊ? गाडी बिघडली का? बसा, सोडून देतो." नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं, बसलं तर चालणं गेलं. वर पायी जाणारा म्हणजे हलाखीत आलेला, असाही एक समज आहे. यावर एकच उपाय चालतो: डॉक्टरांचं नाव पुढे करायचं. "शुगर निघाली राजा, डॉक्टरनं गाडीवर बसू नोको म्हटलं." शुगर नसली तरी चालेल, एवढं खोटं माफ आहे. आठवड्याभरात सगळ्या गावाला कळतं आणि गाड्या थांबायच्या बंद होतात.

ऋतू न बघता एकच वेळ धरून बसणं

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी "संध्याकाळी सहाला जातो, ऊन उतरलेलं असतं" म्हणणारे आहेतच. ऊन उतरतं, डांबर उतरत नाही. दिवसभर तापलेला रस्ता अंधार पडेपर्यंत खालून भाजत असतो. उन्हाळ्यात उजाडता उजाडता निघून सातच्या आत घरी या. संध्याकाळी जायचंच तर आठनंतर, गावातल्या गावात. निघण्याआधी पाणी प्या, डोक्याला दुपट्टा बांधा. खिशात कांदा ठेवला तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर दुपारचं चालू नका. तो खाल्लेला बरा. चालताना डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले की सावलीत बसा आणि मीठ-साखरेचं पाणी घ्या: १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस बरळायला लागला तर अंगावर पाणी ओतून, वारा घालत थेट दवाखान्यात न्या. बेशुद्ध होत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हिवाळ्यात उलटी गत. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पहाटे पाचला कानटोपी घालून निघणाऱ्या म्हाताऱ्यांचं कौतुक होतं, पण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतो. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी उन्हं अंगावर आल्यावरच निघावं. दमेकऱ्यांनीही तसंच, कारण त्या वेळी शेकोट्यांचा धूर जमिनीलगत साचलेला असतो.

पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण विसरा. चार पावलांत चपलेला किलोभर माती चिकटते, पाय घसरतो, गुडघा मुरगळतो. गावातला सिमेंट रस्ता, शाळेचा व्हरांडा, देवळाभोवतीच्या प्रदक्षिणा, यांवर ते दिवस निभावून न्या. आणि ऑगस्टपासून पुढे कपाशीवर फवारणी चालू असेल तर त्या वावराच्या कडेने जाऊ नका, वाऱ्याची दिशा बघा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, ते आपण विसरलेलो नाही.

सगळ्या ऋतूंत चालणारी एक वेळ मात्र आपल्या आजोबांनी ठरवून दिलेली आहे: जेवणानंतरची शतपावली. जेवल्यावर रक्तात साखर चढते आणि चालणारे पाय तीच साखर वापरतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मधुमेह असलेल्याला तर याचा फायदा जास्तच. ही सवय मोबाइलने खाल्ली.

अंधारात, रस्त्याला पाठ करून चालणं

पोलीस भरतीची पोरं १,६०० मीटरच्या तयारीसाठी पहाटे राज्यमार्गावर धावतात, त्यांच्या मागे मागे काका लोकही तिकडेच जातात. रेतीचे टिप्पर त्याच वेळी रिकामे धावत असतात. चालायचंच असेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोर दिसते. पांढरा किंवा फिकट सदरा घाला, हातात बॅटरी ठेवा. बॅटरी सापांसाठीही लागते. मण्यार रात्रीच बाहेर पडतो आणि घोणस पाचोळ्यात पडलेली दिसत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या जंगलालगतच्या गावांत पहाटे आणि सांजेला एकट्याने बाहेर पडायचंच नाही. वाघ-बिबट्याच्या फिरण्याची वेळ तीच, आणि मोहफुलाच्या दिवसांत अस्वलंही गावाजवळ येतात. तिथे व्यायाम दिवसाउजेडी, गावाच्या आत.

इअरफोन तर काढाच. मागून येणारा हॉर्न ऐकू येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, शहरातली माणसं ज्यासाठी पैसे मोजून रिसॉर्टवर येतात ते आपल्याला पांदणीवर फुकट आहे. फाल्गुनात पळस पेटलेला असतो, मोहाचा वास पहाटे पार गावापर्यंत येतो, थंडीत हरभऱ्यातून गेलं की पायाला आंब लागते, टिटवी अंगावर ओरडत येते. कुणाची तूर कशी फुलली, कुणाच्या बांधावर रानडुकरांनी उकरलं, कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे, हे सगळं गाडीवरून दिसत नाही. चालणं टिकतं ते या कारणाने. शुगरच्या भीतीने कुणी फार दिवस चालत नाही.

पायात काय आहे ते न बघणं

झिजलेली स्लिपर घालून तीन-चार किलोमीटर चाललं की टाच आणि पोटरी बोलायला लागते. महाग बूट नकोत. मागून टाच धरणारं, अंगठ्यापुढे थोडी जागा असलेलं, तळवा न घसरणारं काहीही चालेल. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप खरं कळतं. पऱ्हाटी-तुराटी काढलेल्या वावरातून शॉर्टकट मारू नका. ते तिरपे छाटलेले खुंट पातळ तळव्यातून आरपार जातात. मधुमेहाच्या माणसाने गवतावर अनवाणी चालण्याचे सल्ले कानाआड करावेत. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही आणि पुढे जखम चिघळते. घरी आल्यावर तळवे रोज बघायचे. वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

दुखणं अंगावर काढणं, किंवा दुखलं म्हणून सोडून देणं

सुरुवातीचे काही दिवस पोटऱ्या भरून येतात, ते आपोआप जातं. गुडघे झिजलेले असले तरी सपाट जागेवर हळूहळू चालल्याने ते बिघडत नाहीत. उलट बसून राहिल्याने मांडीचे स्नायू सुटतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. खुर्चीत बसून पाय समोर ताठ करायचा, थोडा वेळ धरायचा, खाली ठेवायचा. हे दिवसातून दोनदा करा आणि चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा.

पण चालताना छाती आवळते, जबडा किंवा डावा हात भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं, याला गॅस म्हणून सोडा पिऊ नका. ईसीजी काढा, त्याच दिवशी. तसंच ठरावीक अंतर चाललं की पोटरी आखडते, उभं राहिलं की सुटते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर आखडते, तर पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्याची शंका घ्यावी. बिडीवाल्यांमध्ये हे जास्त दिसतं.

इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी लांब जाऊ नका. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर घ्यायची, म्हणून पुडी खिशात हवी. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी चालावं, पण दमछाक होईपर्यंत नको, भर उन्हात किंवा कडक थंडीत नको, आणि पाण्याची बाटली सोबत हवीच. अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो.

चालून आल्यावर ठेल्यावर बसणं

अर्धा तास झपझप चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. फाट्यावरचा एक समोसा त्याहून जास्त भरतो, आणि तर्री पोह्याचा तर हिशोबच नको. वर खर्रा. तंबाखूने नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे चालून मिळवलेलं तिथेच गमावलं. फिरण्याचा रस्ता पानठेल्यावरून नेऊ नका, बाकी काही सांगत नाही.

दहा हजाराचा हट्ट

रोज १०,००० पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. वयस्क बायकांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूच्या धोक्यात फरक दिसला आणि ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. तेव्हा मोबाइलवरचा आकडा पुरा करायला रात्री अंगणात घिरट्या घालू नका.

याच्या उलट टोकाचे वीर गजानन महाराजांच्या शेगावच्या वाटेवर दिसतात. वर्षभर गाडीवरून न उतरलेला माणूस मित्रांच्या नादाने अकोल्याहून एका रात्रीत शेगाव गाठायला निघतो आणि सकाळी तळव्यांना फोड घेऊन एसटीत बसतो. महाराजांवर श्रद्धा असू द्या, पण पायांना दोन महिने आधी सांगा. आठवड्यातून एकदा अंतर थोडं थोडं वाढवत न्या. नवी चप्पल त्या दिवशी काढू नका.

घरच्या बाईला वेळच नसणं

ती सकाळपासून राबते, म्हणून तिचा व्यायाम होतो, असं घरातले पुरुष म्हणतात. स्वतःसाठी ती चालायला निघाली की मात्र "कुठं चालल्या वहिनी?" विचारणारे दहा जण. एकटीने हे अवघड, चौघींनी सोपं. बचत गटाच्या बैठकीचा दिवस धरून सुरुवात करा, शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारा. मैदानावर दिवा नसेल तर ग्रामसभेत तो विषय मांडा. आणि त्या अर्ध्या तासात घरचा चहा पुरुषांनी टाकावा.

खंड पडला की सगळंच सोडणं

पेरणी, लग्न, मयत, आजारपण, खंड पडणारच. दोन आठवडे गेले तर पहिल्या दिवशी जुन्या अंतराच्या निम्मं चाला, आठवड्याभरात मूळ अंतरावर या. तापातून उठल्यावर, विशेषतः डेंग्यू किंवा मलेरिया होऊन गेला असेल तर, जेवण पूर्ववत होईपर्यंत थांबा. आणि गाडीची चाबी खुंटीला टांगलेली असेल तर ती कपाटात ठेवा, दळणाच्या वेळी हात आधी तिकडेच जातो.